मागच्या सीटवरची वाक्यं

तुम्ही गेलात तेव्हा माझे बाबा कोकणातल्या एका शाळेत चौथीत होते, त्यामुळे आपली गाठ पडायचा प्रश्नच नव्हता. तरी मी तुम्हाला ओळखतो. चेहऱ्यापेक्षा मानेवरून जास्त ओळखतो, कारण निम्म्या पिक्चरमध्ये तुम्ही टॅक्सी चालवताय आणि कॅमेरा मागच्या सीटवरून, हिरो-हिरॉइनच्या मधून, समोर बघतोय. आम्हाला दिसते ती टोपी, दोन मोठे कान आणि मान. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची ते मला ठरवता येत नाही. काका म्हणायला तुम्ही अमेरिकेतले आणि साहेब म्हणायला कायम ड्रायव्हर नाहीतर हॉटेलातले कारकून. म्हणून नुसतं तुम्ही म्हणतो.

मस्कतला अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी दुपारी माशाचं जेवण झालं की बाबा लॅपटॉप टीव्हीला जोडतात. ते अल् खुवैरच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन आहेत, आठवडाभर दुसऱ्यांच्या बिल्डिंगांच्या रेषा काढतात आणि सुट्टीच्या दिवशी कुणा सहकाऱ्याच्या हार्ड डिस्कवरून मिळालेले जुने ब्लॅक अँड व्हाइट अमेरिकन पिक्चर बघतात. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून आमचा एक खेळ आहे. हिरो कोण, गोष्ट काय, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. तुम्ही कधी येता तेवढं बघायचं. जो आधी ओळखेल त्याने म्हणायचं, "आला आपला माणूस." आई भांडी घासता घासता आतून विचारते, "आज कोण झालाय?" बाबा सांगतात, "आज न्यायाधीश." "बढती मिळाली म्हणायची," आई म्हणते.

तुमची माहिती बाबांनीच इकडून तिकडून जमवलेली. तुम्ही एका गिरणीच्या गावात वाढलात, वडिलांना तुम्हाला वकील करायचं होतं, आणि दुसऱ्या वर्षाला तुम्ही कॉलेज सोडून एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर पळालात. तिथे म्हणे तुम्ही हिरो होतात. मग बोलपट आले, तुम्ही कॅलिफोर्नियाला गेलात, आणि तिथे कुणीतरी तुमचे कान बघून टोपी दिली. त्यानंतर तुम्ही टोप्याच बदलत राहिलात. सकाळी एका सेटवर टॅक्सीवाला, दुपारी शेजारच्या सेटवर पोस्टमन. पोस्टरवर कधी नाव नाही, आणि पडद्यावर एकदाही मुलगी तुम्हाला मिळालेली नाही. तुम्ही कॉलेज सोडलंत ही गोष्ट मला फार आवडायची. मी स्वतः पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला तोंडी परीक्षेत एका सरांच्या टेबलावर जर्नल आपटलं आणि निघून आलो. ते मला म्हणाले होते की गल्फची पोरं फक्त एसीत वाढतात. आज वाटतं की एवढं काही वाईट बोलले नव्हते. घरी आल्यावर मी बाबांना तुमचं उदाहरण दिलं. बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, "त्याने सोडलं ते सांगतोस. सोडल्यावर चाळीस वर्षं वेळेवर कामाला गेला, ते पण सांग." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

आता मी एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे. तक्रारी घ्यायच्या, टेक्निशियनला जागेवर सोडायचं, ग्राहकाच्या शिव्या ऐकायच्या. एसीत वाढलेल्याला देवाने एसीतच घातलं, असं आई म्हणते. कंपनीची पांढरी गाडी आहे, दारावर स्टिकर, आणि खिशावर कंपनीचं नाव असलेला निळा शर्ट. पहिल्याच महिन्यात एका ग्राहकाशी माझं वाजलं तेव्हा आमच्या अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकाने, मला समोर बसवून अरबी कॉफीचा कावा पाजला, खजूर पुढे केला आणि सावकाश सांगितलं, की गरम होतंय म्हणूनच लोक आपल्याला बोलावतात, तू आणखी गरम होऊन कसं चालेल. खलास. एवढंच बोलला. त्याच्यावर मात्र मला राग धरता आला नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर ती राहते. इंडियन स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवते. माझ्यापेक्षा वर्षाने मोठी आहे, आणि माझी मराठी इथल्या बाकीच्या पोरांपेक्षा बरी आहे ती तिच्यामुळे, कारण लहानपणी मी इंग्लिशमध्ये बोललो की ती उत्तरच द्यायची नाही. तिच्यासाठी मी पुण्याहून परत आलो असं म्हणणं जास्त होईल. पण जर्नल आपटताना आता मस्कतला जायचं, असं डोक्यात आलं होतं, आणि मस्कत म्हणजे दुसरा मजला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच.

चार महिन्यांपूर्वी तिच्या बाबांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "अरे, गुरुवारी दुपारी मोकळा आहेस का? पुण्याहून एक मुलगा आणि त्याची आई येतायत. हिला बघायला. म्हणजे तसं मस्कत बघायला, पण हिला बघायला. मला मीटिंग आहे. तू एअरपोर्टवरून हॉटेलवर सोडशील आणि संध्याकाळी आमच्याकडे घेऊन येशील? तू घरचाच आहेस." मी "हो काका" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

एअरपोर्टवर मी कामावरूनच गेलो, तोच निळा शर्ट घालून, हातात नावाचा कागद. त्या बाईंनी माझ्याकडे, मग दारावरच्या स्टिकरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भैया, वो छोटी बॅग संभालके रखो, उसमें लोणचा है." माझं डोकं सटकलं. मराठीत एक वाक्य बोललो असतो तर तिथेच मिटलं असतं. पण मी म्हणालो, "जी मॅडम." रागाच्या भरात ठरवूनच टाकलं, की आता संध्याकाळपर्यंत ड्रायव्हरच राहायचं, यांना वाटेल ते बोलू द्यायचं, आणि मग दिवाणखान्यात सगळ्यांसमोर मराठीत तोंड उघडायचं. पुण्याहून येणाऱ्यांना वाटतं की इथला ड्रायव्हर मल्याळी तरी असतो नाहीतर उत्तरेकडचा. मराठी समजणारा असेल असं त्यांच्या मनातही येत नाही. हायवेला लागेपर्यंत त्यांनी मराठीत सगळं बाहेर काढलं.

आरसा मी मुद्दाम जरा वर फिरवला होता. तुम्ही तसंच करता. तुमच्याबद्दल बाबा नेहमी सांगतात की बाकीचे नट मागच्यांचं बोलणं ऐकल्याचं दाखवतात, भुवया वर करतात, गालात हसतात. तुम्ही नुसते गाडी चालवता, आणि तरी कळतं की याने शब्द न् शब्द ऐकलाय. मी मान सरळ ठेवली.

मुलाची आई म्हणाली, "इथली शाळेतली नोकरी सोडावीच लागेल तिला. पुण्यात आली की बघू पुढचं, नाही मिळाली तर घर आहेच की."

मुलगा म्हणाला, "आई, ते तिने ठरवायचं. तिला इथेच राहायचं असेल तर मी इकडे नोकरी बघेन. आज मी तिला तसं सांगणार आहे."

"म्हणजे तू घरजावई होणार?"

"होईन की. काकांच्या घरी एसी चांगला दिसतोय, फोटोत बघितला."

"चेष्टा करू नकोस. बायको म्हणून आणली की आपल्या घराच्या पद्धतीने राहायला नको का?"

"आपल्या घराची पद्धत तुलाच झेपली नाही, आई. आजीचं नाव काढलं की अजून तुझं डोकं दुखतं."

त्या बाई हसल्या. मनापासून हसल्या, आणि मला समजलं की बाई वाईट नाहीत, नुसत्या बोलतात. मुलगा तर वाईट नव्हताच. हॉटेलपाशी त्याने स्वतः बॅगा उतरवल्या आणि मला विचारलं, "आपने खाना खाया?" मी मान हलवली. माझा राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस असा निघाला याचाच मला राग आला.

संध्याकाळी त्यांना घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. काका म्हणाले, "हा वरच्या मजल्यावरचा, आमच्या घरचाच." बाईंचा चेहरा उतरला. "अगंबाई, तुम्ही मराठी?"

"हो काकू."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुम्ही लोणच्याबद्दल सांगितलंत, मी त्याचं उत्तर दिलं."

मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "आई, आता हा सांगेल सगळं." मग त्याने माझा हात धरून शेजारी बसवलं. दिवाणखान्यात धमाका करायचा माझा बेत तिथेच संपला. थोड्या वेळाने ती दोघं गॅलरीत बसून बोलली. अर्धा तास. मी घड्याळ बघत होतो. मग ती आत आली आणि जाता जाता मला म्हणाली, "जरा ये, दहीवड्यांना हात लाव."

स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी राहिली. साडीची सवय नसल्यामुळे पदर कमरेला खोचलेला. दहीवडे आधीच वाढून ठेवलेले होते. हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, तो बाहेर फार छान बोलला. इकडे येईन म्हणाला, नोकरी तू ठरव म्हणाला. पण समोर सगळेच गोड बोलतात. तू मराठी नाहीस असं समजून गाडीत काय बोलत होते ते मला सांग. खरं सांग. मी त्यावर ठरवणार आहे."

तुमचा एक पिक्चर आहे, त्यात तुमची भूमिका जरा मोठी आहे. एका खटल्यात टॅक्सीवाल्याला साक्षीला बोलावतात आणि विचारतात, मागच्या सीटवर काय बोलणं झालं. तुम्ही टोपी काढता, मांडीवर ठेवता आणि जसं ऐकलं तसं सांगता. आवाज चढवत नाही, कुणाकडे बघत नाही. बाबा दर वेळी तिथे पिक्चर थांबवतात आणि म्हणतात, "एक शब्द वाढवला नाही बघ." स्वयंपाकघरात ते मला आठवलं नाही असं लिहिता आलं असतं. पण आठवलं. अगदी टोपीसकट आठवलं.

मीही शब्द वाढवला नाही. सगळी वाक्यं होती तशीच ठेवली. नोकरी सोडावीच लागेल, आपल्या घराच्या पद्धतीने राहायला नको का, सगळं तसंच. फक्त आईचं बोलणं मुलाच्या तोंडी घातलं, आणि मुलाचं सांगितलंच नाही. तिने विचारलं, "हे तो म्हणाला?" मी म्हणालो, "हो. हसत म्हणाला." तिने खोचलेला पदर सोडून सारखा केला. मग म्हणाली, "बरं झालं तू होतास," आणि दहीवडे घेऊन बाहेर गेली.

दोन दिवसांनी तिने नकार कळवला. काकांना कारण समजलं नाही. जिन्यात भेटले की म्हणायचे, "चांगला होता रे मुलगा. हिला काय खटकलं कोण जाणे." त्या मुलाने काकांना मेसेज केला होता, की आमच्याकडून बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा. काकांनी तो मला दाखवला, चष्मा कपाळावर सरकवून, जणू मलाच काही उलगडेल. मी वाचला आणि फोन परत दिला.

तेव्हापासून ती माझ्याशी जास्त बोलते. शाळा सुटल्यावर मी त्या बाजूला असलो तर आम्ही गाडीत बसून इथला दाट दुधाचा करक चहा पितो. तिच्या वर्गातल्या एका मुलाने मराठीत "माझं पोट हॅपी आहे" असं सांगितलं, हे ती मला सांगते, आणि आम्ही हसतो. याच्यासाठीच मी पुण्याहून आलो होतो. दर वेळी मी तिला विचारायचं ठरवतो, आणि दर वेळी लक्षात येतं की ती हो म्हणाली तर ते मी गाडीत नीट ऐकणारा विश्वासाचा माणूस आहे म्हणून असेल. मग मी कप गोळा करतो आणि गाडी सुरू करतो.

मी तापट आहे हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कुणी माझ्यावर संशय घेत नाही. तापट माणूस मनात काही ठेवत नाही अशी लोकांची समजूत असते. त्या दिवशी स्वयंपाकघरात माझं डोकं बर्फासारखं थंड होतं.

हे मी फोनवर लिहितोय, अल् खौदला एका बिल्डिंगखाली, टेक्निशियन गच्चीवर कॉम्प्रेसर खोलतोय तोपर्यंत. तुम्हाला पुरलंय त्या गावाचं नाव बाबांच्या वहीत आहे, पण तिथे पत्र घेणारं कुणी नाही हे मला कळतं. तिच्या नावाने तीनदा सुरुवात केली होती. तिच्या नावाखाली काही लिहिलं की चुकून बोट लागून ते खरंच जाईल अशी भीती वाटते, म्हणून तुमचं नाव.

काल चहा पिताना ती अचानक म्हणाली, "मला अजून वाटतं, गॅलरीत तो बोलला ते मनापासून होतं. एसीचा आवाज असेल, रस्त्याचा असेल. तू गाडीत नीट ऐकलं होतंस ना?"

मी म्हणालो, "नीट ऐकलं होतं."

त्या सगळ्या प्रकरणात मी तिला खरं सांगितलंय ते एवढंच.