दार कोरं ठेवायचं नाही

मार्गळी ४

आज मी मेले. म्हणजे गल्लीच्या मते.

पाय मोडून दहा दिवस झाले, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. कालपर्यंत नणंद होती, दारातली रांगोळी तीच काढायची. काल ती आपल्या घरी परतली. आज पहाटे मला वाकता येईना, दार कोरं राहिलं. आमच्याकडे दार कोरं राहतं ते घरातलं माणूस गेलं की! सुडलै दूधवाला फाटकाशी थांबला, चप्पल काढली आणि हळूच विचारतोय, "आजी किती वाजता गेल्या?"

मी आतून म्हटलं, "अजून निघाले नाही. दूध ठेव, अर्धा लिटरच."

किटली पडली त्याच्या हातून. इतकी हसले की प्लास्टरच्या आत पाय ठणकला.

मार्गळी ५

पण मेल्या सुडलैने आधीच कोइमतूरला फोन करून टाकलेला. मुत्तु, माझा मुलगा, मिळेल त्या बसने आला. हातात हार. मी उंबऱ्यात कांदे सोलत बसलेली. हार कुठे ठेवावा त्याला कळेना. मीच घेतला नि त्याच्या वडिलांच्या फोटोला घातला. चांगला होता हार, शेवंतीचा.

मग तापला. "अम्मा, बास झालं. माझ्याकडे चल. लिफ्ट आहे." लिफ्ट आहे रे, पण दारापुढे माती कुठे आहे? नुसती लादी. दुपारभर भांडलो. शेवटी ठरलं — मार्गळी महिनाभर, पोंगलच्या सणापर्यंत एकही दिवस दार कोरं राहिलं नाही तर मी इथेच. राहिलं, तर बोचकं बांधायचं. खबर सुडलै देणार. दूधवाला माझा पोलीस!

मार्गळी ६

वाकता येत नाही तर वाकायचं कशाला? पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. वरून पीठ सोडलं की खाली ठिपका पडतो. एका हातात देठ, दुसऱ्या हाताने वॉकर — मी त्याला बकरी म्हणते, चार पाय आणि हट्टी. नऊ ठिपक्यांना अर्धा तास लागला.

सुडलै म्हणाला, "आजी, इथून कोंबडी गेली का?"

"गेली. मुत्तुला सांग, कोंबडी धडधाकट आहे."

समोरून चेल्लम्मा बघत होती. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. तिने माझ्या शेवग्याची फांदी तोडली म्हणून, का मी ती तिच्या कौलांवर वाढू दिली म्हणून — आता नीट आठवतही नाही. चिंचेची चटणी मात्र छान करायची.

मार्गळी ७

अकरा ठिपके.

मार्गळी १४

ताप होता. डोळे उघडले तर ऊन पार खाटेपर्यंत. संपलं, म्हटलं, बांधा बोचकं. बकरी ओढत दाराशी गेले.

दारात रांगोळी! एकवीस ठिपके, मधोमध भोपळ्याचं फूल. वळणं सगळी उलटी फिरवलेली. आमच्या गल्लीत डावखुरी एकच आहे.

मार्गळी १५

आज मुद्दाम नुसते ठिपके मांडले नि आत गेले. चहा उकळून येते तो रेघा भरलेल्या. समोरचं दार बंद.

मार्गळी १६

आजही.

मार्गळी २३

फाटकाला शेवग्याच्या शेंगा अडकवल्या. दुपारी शेंगा नव्हत्या. त्यांच्या जागी वाटी. चिंचेची चटणी! मीठ जरा जास्तच, पण ते कोण सांगणार तिला.

तै १, पोंगल

काल प्लास्टर निघालं. पहाटे दार उघडलं तर समोरचं दार कोरं.

रस्ता कसा ओलांडला कळलं नाही. कडी वाजवली. तिनेच उघडलं. डाव्या हाताला फडकं, दुधाने भाजलेला.

"काय गं पेच्ची, हार नाही आणलास?"

देठ घरीच राहिला होता. तिच्या दारात मी वाकले. पूर्ण वाकले.

मुत्तु आला तेव्हा मी तिथेच होते, पिठाने माखलेली. त्याने आमच्या घराकडे बोट दाखवलं. "अम्मा, आपलं दार कोरं आहे."

चेल्लम्मा आतून म्हणाली, "तिची खबर यापुढे मला विचारायची, त्या दूधवाल्याला नाही."

संध्याकाळच्या बसने मुत्तु गेला. एकटाच.