ओझरच्या बाजूनं

नाशिक,
रविवार, १७ नोव्हेंबर १९८५

प्रिय मैना,

सप्रेम जयभीम. गुरुवारी तुझ्या खोलीवर आलो, दोन तास बसलो, दोन वाट्या झिरकं ओरपलं आणि उठून आलो. निघताना जिन्यात तू पुन्हा तेच विचारलंस, "दादा, जाताना ते काही बोलले का रे?" अडीच वर्षांत चौथ्यांदा विचारलंस आणि मी चौथ्यांदा नाही म्हणालो. मैना, ते खोटं होतं. गोटीराम बोलला होता. काय बोलला ते आज सांगणार आहे, पण त्याआधी बाकीचंही सांगावं लागेल आणि ते तुझ्यासमोर बसून मला जमणार नाही. समोर बसलो की तू पाणी आणतेस, माझ्या कपाळावरच्या व्रणाला हात लावतेस आणि म्हणतेस, तू तरी वाचलास. मग माझी जीभ आत वळते. म्हणून लिहितोय. हे वाचून झाल्यावर तुला भाऊ राहील की नाही, मला माहीत नाही. माझं शुद्धलेखन तुला ठाऊक आहे, मॅट्रिक झालेल्या बहिणीनं आज तरी लाल पेन घेऊ नये.

सौदीहून मी तुला जी पत्रं लिहिली ती निम्मी खोटीच होती. गॉगल लावून ट्रेलरला टेकून काढलेला माझा फोटो तू शोकेसमध्ये ठेवलास, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलास. त्या फोटोतला गॉगल दुसऱ्याचा होता. मुंबईच्या एजंटानं सांगितलं होतं, शहरात कंपनीची गाडी चालवायची, साहेबाला ने-आण करायची. उतरलो त्याच दिवशी पासपोर्ट मालकाच्या कपाटात गेला आणि हातात अठरा चाकांचा ट्रेलर आला. दम्मामच्या बंदरातून सिमेंट भरायचं आणि जेद्दापर्यंत न्यायचं, तेराशे-चौदाशे किलोमीटर. मुंबई-आग्रा रोडला मी दहा वर्षं ट्रक हाकला, पण इथं दर कोसाला एखादं झाड, एखादा ढाबा, एखादी बाई डोक्यावर हंडा घेऊन जाताना दिसते. तिकडं तसं काही नाही. सरळ रस्ता, दोन्हीकडं वाळू आणि पुढं पाणी असल्यासारखं चकाकणारं डांबर. दुपारी ट्रेलरच्या पोटाखाली चटई टाकून झोपायचं, वरून गरम ऑइलचा वास, खालून जमीन भाजतेय. चार-चार दिवस माणसाशी बोलणं नाही. आपला आवाज राहावा म्हणून मी समोरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचायचो. अण्णा गेल्याची तार मला बावीस दिवसांनी मिळाली. तोवर मी एक जेद्दाची फेरी करून आलो होतो आणि त्या फेरीत अण्णांसाठी घड्याळ घेतलं होतं. हे तुला कधी लिहिलं नाही. तू म्हणशील, मग परत का नाही आलास? परत यायला पासपोर्ट लागतो, आणि खरं सांगायचं तर फोटोतल्या त्या गॉगलवाल्यासारखं दिसायचीही हौस होतीच.

आता एक गोष्ट नीट वाच, कारण सगळं तिच्यावर आहे. आपल्याकडं गाडी रस्त्याच्या डाव्या अंगानं चालते. तिकडं उजव्या अंगानं. सुरुवातीला मी रोज चुकायचो. वळण आलं, पंपावरून बाहेर निघालो की गाडी आपोआप डावीकडं ओढली जायची. पेशावरचा एक म्हातारा ड्रायव्हर पहिले दोन महिने माझ्यासोबत होता. तो आरडाओरडा करायचा नाही, नुसता मांडीवर थाप मारून म्हणायचा, "सीधा हाथ, बेटा, सीधा हाथ." त्याच्या बोलीत उजव्या हाताला सीधा म्हणतात. तो गेल्यावर मीच स्वतःला सांगायला लागलो. गाडी सुरू केली की सीधा हाथ, थांबून परत निघालो की सीधा हाथ. सात वर्षं, मैना. पुढं म्हणायचीही गरज राहिली नाही. हातांनाच कळायला लागलं.

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये मी सुट्टीवर आलो, जयंतीच्या दहा-बारा दिवस आधी. देवळ्याच्या लंकामावशीनं वर्षाचे कांदे काढून ठेवले होते. तूच म्हणालीस की एसटीच्या टपावरून पोती आणायची तर अर्धे कांदे वाटेतच जातात. मी मित्राची मेटॅडोर मागून आणली. गोटीरामनं कारखान्यातून रजा टाकली. तो त्या दिवशी किती खुशीत होता हे तुला ठाऊक आहे, त्याचं इस्त्रीचं शर्ट बघून तू म्हणालीस, कांदे भरायला चाललात की मुलगी बघायला? मावशीनं आम्हाला उपाशी सोडलं नाही. पोती भरली, वरून लसणाची जुडी टाकली. मावशी गोटीरामला म्हणाली की कांदे सावलीत पसरा, नाहीतर मैना मला शिव्या देईल. दुपारी दोनला आम्ही निघालो.

देवळा सोडल्यावर थोड्या अंतरावर चहाची टपरी होती. ती आमच्या उजव्या अंगाला होती, म्हणून मी रस्ता ओलांडून गाडी तिकडं लावली. चहा घेतला. गोटीरामनं तिथंच सांगितलं की ओझरला प्लॉट बघून ठेवलाय, तुला अजून बोललेला नाही, जयंतीच्या दिवशी नेऊन दाखवणार आहे. मग आम्ही गाडीत बसलो. मी गाडी सुरू केली आणि जिथं उभी होती तिथूनच सरळ पुढं काढली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की पुढचं डांबर चकाकत होतं. मला काहीही वावगं वाटलं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाडी हाताखाली बसल्यासारखी वाटली. मी रस्त्याच्या उजव्या अंगानं चाललो होतो, मैना. दोन किलोमीटर तरी.

गोटीराम एकदा रस्त्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. मग त्यानं विचारलं, "दादा, आपन कोनत्या बाजूनं चाललो?" देवळ्याहून नाशकाला यायला दोन वाटा आहेत, एक चांदवडवरून ओझरची आणि दुसरी वणी-दिंडोरीची. मला वाटलं, तो वाट विचारतोय. मी म्हणालो, "ओझरच्या." तो हसला. सात वर्षं परदेशात ट्रेलर चालवून आलेल्या मेव्हण्याला काय शिकवायचं, असं त्याला वाटलं असेल. कदाचित त्याला वाटलं असेल की मी गंमत करतोय. हेच त्याचं शेवटचं बोलणं आणि हेच माझं उत्तर. तुझा नवरा मला सांगत होता आणि मला ते ऐकू आलं, पण कळलं नाही.

पुढं बाभळीचं वळण होतं. वळणावरून ट्रक आला, आपल्या बरोबर बाजूनं, डाव्या अंगानं. समोर मी. त्याला एकच सुचलं, जे कुणालाही सुचलं असतं. त्यानं मला चुकवायला ट्रक त्याच्या उजवीकडं घेतला. आणि त्याच क्षणी मी जागा झालो आणि मीही माझ्या डावीकडं, आपल्या बाजूला, गाडी ओढली. आम्ही दोघं एकमेकांना चुकवायला एकाच बाजूला गेलो. मी स्टिअरिंगवर उजवीकडं होतो, गोटीराम डावीकडं. ट्रकचं तोंड त्याच्या अंगावर आलं. तो तिथंच गेला. त्याला त्रास झाला नाही हे मात्र मी तुला खरं सांगितलं होतं. कांदे सगळ्या रस्त्यावर गडगडत होते आणि तो ट्रकवाला, पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल, पळून जायचं सोडून दोन्ही हातांनी आमच्या गाडीचं दार ओढत होता. हेही मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं की तो पळत होता आणि लोकांनी पकडला.

पोलीस आले तेव्हा दोन्ही गाड्या माझ्या बाजूला होत्या. मेटॅडोर आपल्या डाव्या अंगाला, ट्रक राँग साईडला. पंचनाम्यात तेच लिहिलं आणि त्यात लिहिणाऱ्याची चूक नव्हती, जे दिसलं ते लिहिलं. दवाखान्यात हवालदार माझ्या खाटेशी आला. त्यानं विचारलं, ट्रक राँग साईडनं आला ना? कपाळाला टाके होते, अंगात इंजेक्शन होतं, पण मी शुद्धीवर होतो. मी मान हलवली. मैना, मी एक शब्दही खोटं बोललो नाही, नुसती मान हलवली, असं मी स्वतःला किती महिने सांगत होतो. मग तू आलीस. माझ्या पायाशी डोकं टेकून तू रडलीस आणि म्हणालीस, दादा, तू तरी राहिलास. त्यानंतर सांगायचं म्हणजे तुझ्या हातातून राहिलेलंही काढून घ्यायचं, असं मला वाटलं. हे मी तुझ्यासाठी केलं म्हणतोय, पण घाबरलो होतो मी. भ्यायलो होतो.

गोटीरामच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे उभे राहून पंचशील म्हणत होते. मी पहिली तीन शीलं म्हणालो. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं माझं तोंड उघडलंच नाही. आईला वाटलं, मला गहिवरून आलं. तेव्हापासून विहारात गेलो की चौथ्याला मी गप्प असतो. आई आता त्याची वाट बघते, माझा हात धरते. तिला काय ठाऊक!

दोन महिन्यांत मी परत तिकडं पळालो. तुम्हाला वाटलं घरासाठी गेला. पण तिकडंही सुटका नव्हती. तिथल्या गाडीत ड्रायव्हर डावीकडं बसतो, सोबत्याची सीट उजवीकडं. गोटीराम त्या सीटवर येऊन बसायला लागला. भुताटकी म्हणू नकोस, आपण असलं काही मानत नाही, आणि मलाही ठाऊक आहे की सीट रिकामी होती. पण भर दुपारी, रस्ता चकाकायला लागला की तो विचारायचा. चिडून नाही, नेहमीच्या आवाजात. कोनत्या बाजूनं चाललो? मी मोठ्यानं उत्तर द्यायचो. उजव्या, इथं उजव्याच बाजूनं चालायचं असतं रे. तो हसायचा. एकदा रियाधच्या अलीकडं मी गाडी बाजूला घेऊन तीन तास नुसता बसून राहिलो, कारण मला खरोखरच सांगता येईना की कोणती बाजू बरोबर. मालकानं त्या उशिरासाठी लोकांसमोर माझा अपमान केला. मला बरं वाटलं.

मग यंदा जूनमध्ये तुझं पत्र आलं. तू लिहिलंस की त्या ट्रकवाल्याची, बहिरूची, बायको तुझ्या दारात आली होती. सुरगाण्याकडची, मालनबाई नाव. नवऱ्याचं लायसन जप्त आहे, तो जामिनावर आहे, केस उभी राहतेय. ती म्हणाली, ताई, माझा माणूस शपथेवर सांगतो की तुमची गाडी उजव्या अंगानं आली, तुमच्या भावाला एकदा विचारा. आणि तू लिहिलंस, "मी दार लावून घेतलं. ती बराच वेळ उन्हात उभी होती. मला जरा बरं वाटलं रे दादा, खोटं कशाला सांगू." मैना, तू आपल्या चाळीत भांडण झालं तर दोन्ही घरी भाजी नेऊन देणारी मुलगी. परक्या बाईला उन्हात उभं करून तुला बरं वाटलं, हे मी केलंय. गोटीरामला मी मारलं ते चुकून. हे मात्र चुकून नाही. ते पत्र मी सीटखाली ठेवून दोन फेऱ्या केल्या आणि मग मालकाकडं पासपोर्ट मागितला. त्यानं चार महिने लावले.

तुम्हाला मी सांगितलं की साक्षीचं समन्स आलंय म्हणून रजा घेऊन आलोय. रजा नाही, नोकरी सोडून आलोय. परवा मंगळवारी, एकोणीस तारखेला, कोर्टात माझी साक्ष आहे. मी जे इथं लिहिलंय तेच तिथं सांगणार आहे, मान हलवून नाही, तोंडानं. वकील म्हणतात की मग आरोपीच्या जागी मी उभा राहीन आणि शिक्षाही होईल. होऊ दे. पण हे तुला कोर्टाच्या बाकावर, चार परक्या माणसांमध्ये कळू नये, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता कारखान्यातल्या झिपरूच्या हाती देतोय. तो उद्या पहिल्या पाळीला ओझरला येईल तेव्हा तुझ्या हातात ठेवील. आईला मी उद्या सांगतो. मला माफ कर असं मी लिहीत नाही, ते मागायला माझ्याकडं तोंड नाही. एकच मागतो. मंगळवारी तू ये. आपल्या लोकांत बसू नकोस, माझ्याकडं बघूही नकोस. वकील सांगत होते, मालनबाई दर तारखेला एकटीच येते, सगळ्यात मागच्या बाकावर बसते. तिच्याशेजारी बस.

तुझाच,
कारभारी