ओल्या कोपऱ्यातलं गवत

३ फेब्रुवारी
मागच्या भिंतीलगतचा कोपरा आजपासून माझा. नर्सरीतून शोभेचं गवत आणलं. हिरव्या पात्याला पांढरा पट्टा. दलदलीत वाढतं, दरवर्षी मुळापासून फुटतं. नर्सरीवाला म्हणाला, मुळं वाळू देऊ नका, जन्मभर टिकेल. शिस्तीच्या माणसाला हे अवघड नाही. एप्रिलमध्ये दादा येणार. सगळं त्यालाच जमतं, असं आई म्हणायची. या वेळी माझंही काहीतरी बघून जाईल.

८ फेब्रुवारी
पाणी घालायचं राहिलं. उद्यापासून नक्की.

२१ फेब्रुवारी
आज आठवण झाली. धास्तावून मागे गेलो. गवत दुप्पट! चप्पल चिखलात रुतली, निघेना. काही माणसांचं झाडांशी जन्मजात जुळतं. पाणीसुद्धा घालावं लागत नाही.

२ मार्च
स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल. बायको म्हणते, मागचा पाइप गळतोय, प्लंबरला बोलवा. मी म्हटलं, भिंतीलाही वय होतं. ती म्हणाली, वय तुमचंही झालंय, पण तुमच्यामुळे पिठाला बुरशी येत नाही. मग म्हणाली, अजून तरी.

१५ मार्च
शांतपणे विचार केला. पाइपचा आणि गवताचा संबंध असेलच असं नाही. तरी प्लंबरला बोलवायचं ते दादा येऊन गेल्यावरच. पिठाचा डबा आता टीव्हीशेजारी. बायको बोलत नाही. म्हणजे पटलं असावं.

४ एप्रिल
दादा आला. चहाआधीच त्याला मागे नेलं. गवत गुडघ्याच्या वर, वाऱ्यावर डुलत होतं. मी काही बोललो नाही. अशा गोष्टी समोरच्याने म्हणायच्या असतात. दादाने हाताने गवत बाजूला सारलं, वाकला आणि म्हणाला, अरे, सांधा गळतोय, पाना आहे का घरात? मी नाही म्हटलं. बायकोने आणून दिला.
संध्याकाळी: पाइप कोरडा. बायकोने दादाला आग्रह करकरून वाढलं. मला आमटी मागावी लागली.

२० एप्रिल
दादा गेला. गवताची टोकं पिवळी. हवामान. रोज दोन बादल्या घालायच्या ठरवल्या.

२३ एप्रिल
बादल्या जड आहेत. बागेचा रबरी पाइप घेणं हा उपाय. चौकशी करतो.

९ मे, सकाळी
गवत आडवं पडलं. चौकशीला आता वेळ नाही. बायको बाहेर गेली की सांधा अगदी किंचित सैल करणार. थेंब थेंब. कुणाला कळणारही नाही.

९ मे, दुपारी
नट हातातच आला. पाणी छातीवर. मुख्य कॉक कुठे, हे या घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक. बायको फोन उचलेना. शेवटी दादाला लावला. त्याने तिकडून सांगितलं, जिन्याखाली, डावीकडे, उजवीकडे फिरव. फिरवला. थांबलं. कोपऱ्यात नुसता खड्डा उरला होता.

दादाने विचारलं, फार नुकसान नाही ना झालं? मी म्हटलं, गवत गेलं.

तो म्हणाला, कुठलं गवत?