वाचनखोलीत बाबा

२ जुलै
आजपासून रोजनिशी. कोर्समध्ये एक 'चिंतन-वही' लिहायला सांगितली आहे, ती वेगळी. तिच्यात मॅडमना आवडेल ते लिहीन. इथे खरं.

कोर्सचं नाव 'प्राथमिक वाचनशिक्षणातील पदव्युत्तर पदविका'. नाव वाचतानाच धाप लागते. सबंध शाळेतून मुख्याध्यापकांनी मला एकट्यालाच पाठवलं. बाकीच्यांची लायकी नसावी. इतकी वर्षं पहिली-दुसरीला वाचायला शिकवतो आहे, आता मला काय शिकवणार? पण कोर्सला माझा उपयोग होईल.

संकल्प : वर्गात नम्र राहायचं. हुशारी आपणहून दिसतेच.

६ जुलै
पहिला तास. मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. विषय : थांबणे. मूल वाचताना अडलं की शिक्षकाने तोंड मिटून मनात दहापर्यंत मोजायचं. शब्द सांगायचा नाही. मुलाला स्वतः धडपडू द्यायचं.

थांबायला शिकण्यासाठी पदव्युत्तर कोर्स! बसस्टॉपवर हेच फुकट शिकवतात.

मॅडमनी विचारलं, कोणाला हे अवघड जाईल असं वाटतं? अर्ध्या वर्गाने हात वर केला. मी केला नाही. मी मुळात अबोल माणूस. हे मी शेजारच्या बाईंना बराच वेळ समजावून सांगितलं. शेवटी त्या जागा बदलून पुढे बसल्या.

१५ जुलै
प्रात्यक्षिकासाठी मूल मिळालं. दुसरीतली मुलगी. दप्तर तिच्यापेक्षा मोठं, भिंतीच्या कडेकडेने चालते, म्हणून सगळे मुंगी म्हणतात. अक्षरं ओळखते, शब्द जुळवता येत नाही. एकदा नापास झाली आहे. धाकटा भाऊ पहिलीत. सहामाहीपर्यंत वाचता आलं नाही तर पुढच्या वर्षी दोघं एका वर्गात.

आई शिलाईकाम करते. गळ्यात टेप तशीच घेऊन शाळेत आली होती. म्हणाली, सर, बाकी काही नको, पण तिला भावाच्या बाकावर बसायची वेळ आणू नका, तो घरी येऊन चिडवेल आणि ती शाळाच सोडेल.

मी म्हटलं, निश्चिंत राहा. माझ्या हातून आजवर एकही मूल न वाचता गेलेलं नाही.

२२ जुलै
शाळा सुटल्यावर पाठ घ्यायचा. जागा म्हणजे वाचनखोली, पूर्वीची नकाशांची अडगळ. गुंडाळलेले नकाशे अजून कोपऱ्यात उभे आहेत, संध्याकाळी माणसं उभी असल्यासारखे वाटतात. खिडकी उंच, तिच्यातून फक्त आकाश. शाळा रिकामी झाली की आपल्याच खुर्चीचा आवाज दचकवतो. मुंगी मात्र घाबरत नाही. ती भिंतीला चिकटून बसते, मी शेजारी.

आज तिने 'कासवाचं कुलूप' हे गोष्टीचं पुस्तक अर्धं वाचलं. पहिल्याच दिवशी!

२९ जुलै
'कासवाचं कुलूप' पूर्ण. जोडाक्षरांसकट. जरा हळू वाचते, प्रत्येक शब्दाआधी एक श्वास घेते, पण चुकत नाही. याला म्हणतात हातगुण.

माझ्या पद्धतीला नाव द्यायला हवं. 'सान्निध्य पद्धती' कसं वाटतं? कोर्स संपला की व्याख्यान देईन. जमलं तर शाल-नारळ घेईन, आग्रह झाला तरच.

७ ऑगस्ट
आई भेटली. म्हणाली, सर, घरी एक ओळ वाचत नाही हो ती, पुस्तक हातात दिलं की नुसती बघत बसते. मी म्हटलं, घरात वाचनाचं वातावरण लागतं. ती बरं म्हणाली आणि दाराशी थोडी घुटमळली.

पालकांनाही कोर्स हवा.

१२ ऑगस्ट
पाठ मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकायचा, असा मॅडमचा नवा हुकूम. मोबाइल मुलाच्या बाजूला ठेवायचा. ठेवला. आता चहा घेऊन ऐकायला बसतो. स्वतःचा पाठ ऐकणं म्हणजे स्वतःच्या लग्नाची चित्रफीत पाहणं. सुखच.

१२ ऑगस्ट, तासाभराने
खोलीत तिसरं कोणीतरी आहे.

पुन्हा ऐकलं. मुंगी वाचते, 'कासव'. पण त्याच्या आधी, अगदी हळू, घोगरा, पुरुषाचा आवाज : 'कासव'. मग मुंगी. पुन्हा तो आवाज, 'विहिरीत'. मग मुंगी. प्रत्येक शब्दाआधी. एकही सुटलेला नाही.

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार बंद होतं. चहा गार झाला.

१३ ऑगस्ट
मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. लिहून ठेवतो.

पुन्हा ऐकलं. या वेळी इयरफोन लावून. आवाज ओळखला.

बाबा.

१४ ऑगस्ट
काल पुढे लिहवलं नाही.

बाबाही मास्तर. मी लहान असताना मांडीवर पुस्तक, त्यावर त्यांचं बोट, आणि कानाशी त्यांचा आवाज. ते शब्द कुजबुजायचे, मी मोठ्याने म्हणायचो. शेजारीपाजारी म्हणायचे, पोरगं काय फाडफाड वाचतं! आजही मनातल्या मनात पेपर वाचताना तो आवाज आधी येतो, मग मी. सगळ्यांचं असंच असणार.

शेवटच्या आजारात त्यांचा घसा गेला. पाटीवर लिहून दाखवायचे. पाणी. उशी. जेवलास का. आवाज कुठेच साठवलेला नाही. कधी सुचलंच नाही. इतकी वर्षं मी तो आठवायचा प्रयत्न करतोय आणि तो येऊन बसला नकाशांच्या खोलीत.

भीती वाटते. खरं सांगायचं तर आनंद जास्त वाटतो.

१५ ऑगस्ट
हिला ऐकवलं. काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, हा आवाज कोणाचा? ही म्हणाली, हा तर मी रोज ऐकते. पुढे काही बोलणार होती. मीच म्हटलं, बाबांचा! हो ना? ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, आणखी पोळी वाढू का.

सासऱ्यांचा आवाज इतक्या वर्षांनंतरही रोज कानात असणं! अशी सून मिळायला भाग्य लागतं.

जेवताना खूप बोललो. बाबांबद्दल. ही ऐकत होती.

१९ ऑगस्ट
वाचनखोलीत तिसरी खुर्ची ठेवली. मुंगीने विचारलं, कोण येणार आहे? साहेब तपासणीला येतील, असं सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला वाचताना काही ऐकू येतं का गं? ती म्हणाली, हो, येतं ना. कसं येतं? कानात येतं, मग मी म्हणते.

माझ्या अंगावर काटा आला. मुलालाही ऐकू येतं! तिला विचारावंसं वाटत होतं की कोणाचं, पण घाबरली असती. मीही घाबरलो असतो.

जाताना खुर्चीकडे बघून म्हटलं, येतो. मुंगीने मागे वळून पाहिलं आणि चालायचा वेग वाढवला.

२ सप्टेंबर
आता रोज रेकॉर्डिंग ऐकतो. मुंगीचं वाचन बाजूलाच राहतं. मी दोन शब्दांमधली जागा ऐकतो. कधी बाबा खोकतात. परवा मला खोकला होता, त्याच दिवशी तेही खोकले. बापलेकाचं नातं!

काल रिकाम्या खोलीत एकटाच बसलो आणि रेकॉर्डिंग लावून ठेवलं. म्हटलं, बाबा, मुंगी नाही, आता माझ्याशी बोला. घरी येऊन ऐकलं. नळाची टिपटिप. माझाच श्वास. बाकी काही नाही. मग म्हटलं, बरोबर आहे. मूल नसेल तर मास्तर कशाला बोलेल?

संकल्प : यावर कोणाशी बोलायचं नाही. लोक हसतील.

१४ सप्टेंबर
मॅडमनी रेकॉर्डिंग तपासून परत दिलं. सोबत शेरा : 'दुसरा आवाज ऐकला का?'

म्हणजे त्यांनाही!

तास संपल्यावर गाठलं. म्हटलं, ऐकला, पण ही बाब कौटुंबिक आहे. मॅडम गोंधळल्या. म्हणाल्या, सवय जुनी असणार, लाज वाटून घेऊ नका, पण मुलीचं नुकसान होतंय. मला राग आला. चांगल्या माणसाच्या सोबतीने कोणाचं नुकसान होतं? मग त्यांनी पर्समधून पेन्सिल काढून दिली. म्हणाल्या, परीक्षेच्या पाठाला ही दातांत धरा.

घेतली. ही मंडळी आता शिक्षकांच्या दातांपर्यंत आली आहेत. पण सगळ्या वर्गात पेन्सिल फक्त मला दिली, हे नमूद करायला हवं.

२१ सप्टेंबर
मुंगीच्या आईला सांगितलं, परीक्षेचा पाठ परवा आहे, मॅडम स्वतः ऐकणार, त्यांनी लिहून दिलं की मुलगी तिसरीत. आईने तिला नवा फ्रॉक शिवला आहे म्हणे. घरी वाचते का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

२३ सप्टेंबर
काही लिहिण्यासारखं नाही. घसा बसला आहे. उद्या लिहीन.

२४ सप्टेंबर
मॅडम मागे बसल्या. त्याच खुर्चीवर, बाबांच्या. मी म्हटलं, ती जागा जरा... त्यांना कळलं नाही. पुस्तक नवं, आम्ही कधी न पाहिलेलं. मी पेन्सिल दातांत धरली. मुंगी नव्या फ्रॉकमध्ये, कपाळावर घाम.

पुस्तक उघडलं. शांतता.

मुंगीने पुस्तकाकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी मनात मोजू लागलो. शांतता. इतकी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. नकाशे ऐकत उभे होते. मनात म्हटलं, बाबा, आता या, पोर अडली आहे. मोजून झालं. पुन्हा मोजलं. कोणी आलं नाही.

मग डोळ्यांसमोर काहीतरी हललं. पेन्सिलीचं टोक. वर-खाली, वर-खाली, पुस्तकातल्या पहिल्या शब्दाच्या हिशेबाने. मला वाटलं, बाबा हलवतायत. एक क्षण खरंच वाटलं. मग ओठांना कळलं.

मुंगी हळूच म्हणाली, सर, आज ऐकू येत नाहीये.

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर ओळखलं. त्यापुढे नाही. मग ती रडली, आवाज न करता, नव्या फ्रॉकला डोळे पुसत.

२५ सप्टेंबर
मॅडमच्या उपस्थितीमुळे वातावरण बिघडलं असावं. परक्या माणसासमोर बाबा तसे कधीच बोलत नसत.

२५ सप्टेंबर, संध्याकाळी
हिला समोर बसवून रेकॉर्डिंग लावलं. म्हटलं, खरं सांग. ही म्हणाली, अहो, तुमचाच आहे. तुम्ही पेपर वाचता तेव्हाही असंच पुटपुटता, देवाशपथ, लग्न झाल्यापासून ऐकतेय. मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस? तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, बाबांबद्दल तुम्ही इतकं कधी बोलला नव्हतात. जेवणही दोन घास जास्त जात होतं. तोंडातून निघेना माझ्या.

पुन्हा ऐकलं. आपला आवाज असा असतो, हे माणसाला कोणी सांगत नाही. इतका बाबांसारखा.

९ ऑक्टोबर
निकाल. प्रात्यक्षिकात अनुत्तीर्ण. मुंगीबद्दल मॅडमनी लिहिलं : शब्दवाचन अद्याप सुरू नाही. दुसरीतच राहणार.

आईकडे मी स्वतः गेलो. मशीन चालू होतं, तिने थांबवलं नाही. म्हणाली, मला माहीत होतं, सर. तुम्ही इतकं खुशीत सांगायचात, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संकल्प : नाही. आज संकल्प नको.

२० नोव्हेंबर
मुंगीला आता मॅडम शिकवतात, आठवड्यातून दोनदा, वाचनखोलीत. मला प्रात्यक्षिक पुन्हा करायचं आहे, म्हणून बाहेर बसून ऐकायची परवानगी. बाहेर म्हणजे बाहेर. दार बंद.

बाकावर बसलो. आत मुंगी अडली. काय शब्द होता कोण जाणे, पण माझे ओठ सुरू झाले. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. शिपाई जाताना विचारून गेला, सर, दात दुखतोय का.

आत काहीच नाही. मॅडम गप्प, मुंगी गप्प. मला वाटलं ही शांतता आता संपणारच नाही. मग मुंगी एक अक्षर बोलली. चुकीचं. पुन्हा शांतता. मग दुसरं. मग दोन्ही जोडून, घाबरत, वर प्रश्नचिन्ह ठेवून. तिच्या आधी कोणी नव्हतं. मी कान देऊन ऐकलं. कोणीच नव्हतं.

सबंध तासात एक ओळ झाली. बाहेर आली, मला पाहून थांबली, म्हणाली, सर, मी वाचलं, आत कोणी सांगायला नव्हतं. मी म्हटलं, हो गं, मी बाहेरून ऐकलं. ती भिंतीच्या कडेने निघून गेली. जूनमध्ये ती आणि भाऊ एका वर्गात.

घरी येऊन हिला म्हटलं, बाबा गेले. काय बोलतोय ते माझं मलाच कळलं आणि ओशाळलो, कारण बाबांना जाऊन किती वर्षं झाली. हिने गॅस बंद केला आणि शेजारी येऊन बसली.