चिठ्ठीवरचं सिन्नर

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर मनापासून चिडले आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची कोणाची टाप होती?

तुमच्या गंगापूर रोडच्या बंगल्यात पाहुण्यांना बसायला धड खुर्ची नसायची, वाळवलेल्या झाडांना मात्र चार खोल्या. द्राक्षबागांचं उत्पन्न तुम्ही जीपच्या डिझेलात आणि कॉलेजच्या कपाटांत घातलंत, हे मी कधीही नाकारणार नाही. मी शहरातल्याच द्वारकेहून बस बदलून तुमच्या मदतीला यायचे. माझं अक्षर बरं, म्हणून प्रत्येक नमुन्याखालची चिठ्ठी मी लिहायची: झाडाचं नाव, जागा, तारीख. एकदा शाईचा डाग पडला तर तुम्ही ती माझ्यासमोर टराटरा फाडलीत. "झाड मरतं गं, चिठ्ठी राहते," म्हणालात.

आणि मग इगतपुरीच्या वरचं ते पठार. पाऊस झोडपतोय, गुरं राखणारे एक म्हातारे बाबा आपल्याला खडकातल्या डबक्यापाशी नेतात. काठाला बोटभर उंचीची निळी फुलं. "हितंच येतंय हे. दुसरीकडं कुठं नाय," बाबा म्हणतात. तुम्ही चिखलात गुडघे टेकता. तुम्हाला इतक्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. परतताना जीपमध्ये मात्र तोंड आंबट. बाहेर कळलं तर लोक पिशव्या घेऊन येतील, कंद उपटून नेतील, जागा कोणालाही सांगायची नाही. कॉलेजला नाही, वहीतही नाही. तुमचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. तुम्हाला ते फूल एकटीचं हवं होतं, बाई.

पिशवी घेऊन कोणी आलं नाही. आला तो जेसीबी. पठारावर रिसॉर्ट होतंय. गेल्या आठवड्यात त्यावरच्या हरकतींची सुनावणी झाली. हे फूल तिथलंच, एवढं सिद्ध झालं असतं तर काम थांबलं असतं. पण मे महिन्यात नुसता तापलेला खडक, दाखवणार काय? पुरावा एकच, त्या दिवशी तुम्ही आणून वाळवलेला नमुना. तो मी कॉलेजातून मागून नेला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली.

"मॅडम, यावर तर सिन्नर लिहिलंय."

मी म्हटलं, मी स्वतः तिथे होते, बाईंनी जागा लपवली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. सिन्नरच्या कोरड्या माळावर डबक्यातलं फूल! "तुमचं खरंही असेल," साहेब म्हणाले, "पण मला कागद बघावा लागतो." आता पावसाआधी खडक फुटलेला असेल. ते बाबाही गेले. माझा जळफळाट होतो, आणि तुम्ही मात्र कॉलेजच्या भिंतीवर हार घालून बसलेल्या.

हे पत्र कुठे टाकणार? फाडून टाकीन. पण साहेबांना जे सांगितलं नाही, ते इथे लिहिते. तुम्ही सिन्नर म्हणाला नव्हतात. "जागेची ओळ मोकळी सोड," एवढंच म्हणाला होतात. ती मोकळी असती तर माझ्या साक्षीला काही किंमत राहिली असती. पण इतक्या नेटक्या चिठ्ठीत मोकळी ओळ मला बघवेना. सिन्नर मी लिहिलं. मामाचं गाव होतं, पटकन सुचलं.