दोन हातांची अट

१० जानेवारी २००५, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. सातपूरला, पॉवर प्रेसचे कंट्रोल बॉक्स बनवणाऱ्या छोट्या कंपनीत प्रोग्रामर. दिंडोरीहून रोज येणं जमणार नाही म्हणून सातपूर कॉलनीत खोली घेतली. मालक रविराज सर स्वतः गेटपाशी घ्यायला आले. माझी केबिन काचेची, शॉप म्हणजे मशिनींच्या हॉलच्या वर. खाली बॉक्सचा पत्रा ठोकणारी प्रेस चालू झाली की कपातला चहा थरथरतो. मजा वाटली.

काम सरांनी समजावलं. बॉक्समधली चिप बदलायची आहे, म्हणून नव्या चिपसाठी क्रॉस-कंपायलर त्याच्या सोर्सपासून, मूळ कोडपासून, बांधायचा. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर चालणारं, पण त्या चिपसाठी प्रोग्राम तयार करणारं साधन. आधीचे समर्थ सर हे काम अर्धवट टाकून गेले. त्यांची सीडी मला दिली आणि बजावलं, सोर्स याच सीडीवरचा वापरायचा, नेटवरून काही उतरवायचं नाही.

१२ जानेवारी
असेंब्लर आणि लिंकर, कंपायलरच्या जोडीची साधनं, एका दिवसात बांधून झाली. कंपायलर मात्र अडतो आहे. आधी मॅन्युअल बनवणारा एक किरकोळ प्रोग्राम नव्हता, तो टाकला. मग हेडर फाइली सापडेनात. पाथ उलटा दिला होता, माझीच चूक. आता मध्येच कोसळतो, दर वेळी वेगळ्या फाइलवर. जागा बदलत असेल तर दोष कोडचा नसतो, मेमरीचा असतो.

जेवताना पॅकिंगच्या लताबाईंनी मेथीची भाजी वाढली. प्रेसवरचे मल्हारीमामा शेजारी बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं आणि हात मांडीखाली घेतला.

१४ जानेवारी
मेमरीची पट्टी बदलली. कोसळणं थांबलं. तिळगूळ वाटला. शॉपमधल्या अकरा जणांपैकी चौघांची बोटं पूर्ण नाहीत. सर म्हणाले, निष्काळजीपणा. प्रोग्राममध्ये तर अट आहेच: दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. हात बटणांवर असले तर प्रेसखाली जातीलच कसे? मी प्रोग्राम उघडून पाहिला. अट आहे. फंक्शनचं नावच ‘दोनहात’.

१८ जानेवारी
आता एरर रोज एकाच फाइलवर, एकाच ओळीवर येते. तिथे एक व्हेरिएबल वापरलं आहे जे या आवृत्तीत नाहीच. जगभरच्या माणसांनी इतक्या वेळा बांधलेल्या सोर्समध्ये असली चूक राहील कशी? सरांना विचारलं, मूळ सोर्स उतरवून ताडून पाहू का. संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढलेली होती.

२० जानेवारी
दुपारी अर्धी रजा टाकून कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गेले. मूळ सोर्स कोऱ्या सीडीवर उतरवला, सरांची सीडी बरोबर नेली होती, तिथेच दोन्ही ताडून पाहिले.

आमच्या सीडीवर एका फाइलमध्ये अडतीस ओळी जास्त आहेत. कंपायलर प्रोग्राम वाचताना ‘दोनहात’ हे नाव शोधतो. सापडलं की ती तपासणी गाळतो आणि तिच्या जागी कायम ‘हो’ लिहितो. सोर्स वाचणाऱ्या सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरला अट दिसते. चिपमध्ये ती नसते, एकाच बटणाने प्रेस खाली येते. एका हाताने नग सरकवायचा, दुसऱ्याने एक बटण दाबायचं. नग दीडपट निघतात.

या ओळी जुन्या आवृत्तीतून आणल्या आहेत. जुने बॉक्स सगळे तसेच गेले. सातपूर, अंबड, कुठे कुठे. समर्थ सर त्या नव्या आवृत्तीत बसवत होते आणि मध्येच थांबले.

२१ जानेवारी
मूळ सोर्सवरून कंपायलर बांधला. एकही एरर नाही. सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, एरर काढायला ठेवलंय तुम्हाला, ओळी काढायला नाही.

२४ जानेवारी
कुणाला न विचारता माझ्या कंपायलरने बनवलेला प्रोग्राम नव्या चिपमध्ये घातला आणि ती मल्हारीमामांच्या प्रेसच्या बॉक्समध्ये बसवली. आता तरी त्यांचा हात वाचेल.

दुपारी ते वर आले. एवढे चिडलेले त्यांना पाहिलं नव्हतं. “ताई, नग भरत नाय. दोन्ही हात बटनावर ठेवले तर पत्रा कोन सरकवनार? मला घरी बसवता का?” मी बोटांचं बोलले. म्हणाले, “ती गेली ती गेली. लय खोलात जाऊ नका.”

जेवताना माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. लताबाईसुद्धा नाही.

२५ जानेवारी
गेटसमोरच्या बूथवरून इन्स्पेक्टरच्या ऑफिसला फोन केला. साहेब दौऱ्यावर. निरोप ठेवला.
तासाभराने सरांनी माझा निरोप मला शब्दन्‌शब्द ऐकवला. बूथवाला त्यांचा मेहुणा आहे, हे मला कोण सांगणार?

२७ जानेवारी
घरमालकीणबाईंनी खोली सोडायला सांगितली. कारण नाही. कपाटातून माझी मूळ सोर्सची सीडी गेली आहे. कुलूप जसंच्या तसं.
लताबाईंना समर्थ सरांचा पत्ता विचारला. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाल्या, ते आता डाव्या हातानं सही करतात.

२८ जानेवारी
राजीनामा दिला. घेतला नाही. सर म्हणाले, आधी टेस्ट. जुना बॉक्स धोक्याचा म्हणता ना, सगळ्यांसमोर दाखवा. प्रोग्रामरनेच प्रेसखाली हात ठेवायचा, इथली पद्धत आहे. तुम्ही नाही ठेवलात तर मल्हारी ठेवेल.
मल्हारीमामा हो म्हणाले. लगेच.

२९ जानेवारी, सकाळ
टेस्ट रूम. दार लावलंय. सर, मल्हारीमामा, दाराशी लताबाई —
सरांनी ही वही माझ्या पर्समधून काढून समोर ठेवली. लिहा म्हणाले, मी स्वखुशीने टेस्ट देत आहे. तेच लिहिते आहे असं त्यांना वाटतंय —

समर्थ सरांनीपण असंच लिहून दिलं होतं. आत्ता सांगितलं त्यांनी. हसत.

मी नाही म्हटलं. मल्हारीमामा पुढे झाले, बाही वर केली. उरलेली तीन बोटं — मी म्हटलं थांबा, मी ठेवते.

बॉक्स दोन. दिसायला सारखे. एकात माझा प्रोग्राम, एका बटणाने प्रेस न सोडणारा; दुसऱ्यात जुना. कुठला जोडलाय ते विचारलं. सर म्हणाले, तुम्हाला कळायला हवं. जोडला मल्हारीमामांनी.
प्रेसचं फ्लायव्हील फिरतंय. वहीचं पान हलतंय.

बटणाशी सर. एक बटण. एकच हात.
माझा डावा हात डायवर, प्रेसखाली.

झालं का लिहून, विचारतात. झालं —
मल्हारीमामांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवली, थोडीशीच. भिऊ नका म्हणून, की हात काढा म्ह