खिंडीत न मरण्याचा संकल्प

२ सप्टेंबर
ठरलं. यंदा मरायचं नाही.
आमच्या खिंडीतल्या स्टेट पार्कात दरवर्षी जुन्या लढाईचं नाटक होतं आणि निळ्या पलटणीतला मी सगळ्यांत आधी मरतो. आमचा कॅप्टन ग्रॉसनिकल म्हणतो, तुझा दम लवकर संपतो. साफ खोटं. मी झोकात मरतो, म्हणून पहिला नंबर. पण यंदा माझी बायको ट्वायला पहिल्यांदाच बघायला येणार आहे आणि सोबत तिचा भाऊ ड्वेन. ड्वेन खराखुरा फौजी. लग्नापासून मला ‘नाटकातला शिपाई’ म्हणतो. त्याच्या डोळ्यांदेखत, तिच्यासमोर मरू? शक्य नाही.

५ सप्टेंबर
व्यायाम सुरू. पोर्चपासून पत्रपेटीपर्यंत धावलो. परत चालत. उद्यापासून परततानाही धावणार.

६ सप्टेंबर
पाऊस. भुरभुर होता, पण गुडघ्यांना चालत नाही.

९ सप्टेंबर
ग्रॉसनिकलला सांगितलं, मी शेवटपर्यंत जगतो. तो म्हणाला, अरे बाबा, पार्कातल्या पाटीवर लिहिलंय, निळ्यांतला एकही वाचला नाही. मी विचारलं, मग ही बातमी सांगितली कोणी? म्हणे, ज्यांनी मारलं त्यांनी. उत्तर नसलं की माणसं असं काहीतरी बोलतात. या खिंडीत वाटमारे लपले, चोरून दारू गाळणारे लपले. एक शिपाई लपला नसेल?

१४ सप्टेंबर, सकाळ
गणवेशाची बटणं लागेनात. कापड आटलंय. ट्वायलाने सेफ्टी पिना लावल्या. म्हणाली, जास्त श्वास घेऊ नकोस.

१४ सप्टेंबर, संध्याकाळ
खिंड लढवली!
आमचे सगळे पडले. मी उभा. समोर करड्या गणवेशातली शत्रूची अख्खी फळी. बार झाला. मी उभाच. दुसरा झाला. उभाच. मरून पडलेला ग्रॉसनिकल दातओठ खात म्हणाला, मर की लेका! करड्यांचा कर्नल जवळ येऊन हळूच म्हणाला, आजोबा, पडता का आता? काडतुसं संपली आमची. लोक हसत होते. कौतुकानेच. शेवटी ट्वायला प्रेक्षकांच्या दोरीपाशी येऊन ओरडली, व्हर्लिन, मर ना रे एकदाचा, चिकन गार होतंय!
बायकोचा शब्द मला मोडवत नाही. शेजारच्या हिरव्यागार वेलीवर ऐटीत पडलो. पिना टोचल्या.
आणि ड्वेन? रुमाल तोंडावर धरून बसला होता. भारावला असणार.

१६ सप्टेंबर
ती वेल खाजरी होती. मान, पाठ आणि लिहू नये तिथेही.

२१ सप्टेंबर
ग्रॉसनिकल घरी आला. पुढच्या वर्षी मला खास भूमिका: आदल्या दिवशीच मेलेला शिपाई. लोक यायच्या आधीपासून आडवा. सावलीत. म्हणजे बढतीच. तरी वाईट वाटलं. ट्वायला म्हणाली, हे तुला जमेल, घरी रोजचा सराव आहे. मी पुन्हा येईन बघायला.
मग बरं वाटलं. लगेच सोफ्यावर तालीम सुरू केली. डोळे मिटले, श्वास रोखला. तेवढ्यात पाठीला खाज सुटली.
ट्वायला म्हणाली, झालं. पुन्हा वाचलास.